परतीचं तिकीट काढूनच निघा

"बारावी झाली, आता वर्षभर फिरतो आणि मग कॉलेजला जातो," असं डोळखांबच्या एखाद्या पोराने घरी म्हणून बघावं. बाप म्हणेल, फिरायचंच आहे तर ढोरांमागे फिर. आई काही बोलणार नाही, पण रात्री जेवणार नाही. मामा आसनगावहून फोन करून सांगेल की अमक्याच्या पोराने असंच एक वर्ष सोडलं, आज तो भिवंडीला गोडाऊनमध्ये खोकी उचलतो. तिघांचीही भीती खरी आहे. तरी मी त्या पोराच्या बाजूने उभा आहे, आणि त्याला बहीण असेल तर तिच्या बाजूने दोन पावलं आणखी पुढे.

वर्ष तर आपण देतोच. नीटसाठी देतो. पहिल्या खेपेला मार्क कमी पडले की घरातलेच म्हणतात, रिपीट कर. मग कल्याणला, नाशिकला, नाहीतर थेट लातूरला खोली बघितली जाते आणि क्लासची फी भरायला बाप पतपेढीची पायरी चढतो. 2024 साली नीटला 23 लाखांहून जास्त मुलं बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. वीस जणांमागे एकसुद्धा धड नाही. हा हिशेब बापाला कळतो, तरी तो पैसे भरतो, कारण ते वर्ष अभ्यासाचं. पोरगा त्या वर्षात खोली, मेस आणि क्लास एवढंच बघतो. अठराव्या वर्षी, अंगात सगळ्यात जास्त रग असताना, त्याला आपण चार भिंतींत बसवतो आणि निकाल हुकला तर गावात तोंड लपवायला लावतो. या वर्षाला आपल्याकडे मान आहे. तेच वर्ष एसटीच्या खिडकीशी गेलं तर पोरगं वाया गेलं. हा निवाडा मला मान्य नाही.

दुसरं एक वर्ष कुणी ठरवून देत नाही, ते आपोआप जातं. परीक्षा संपली की निकालापर्यंत काहीतरी करू म्हणून पोरं भिवंडीच्या गोडाऊनला किंवा मुरबाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागतात. पहाटे नाक्यावर बस येते, पोरं झोपेतच चढतात. पहिल्या पगारात मोबाइल येतो, तिसऱ्या पगारावर गाडीचा हप्ता सुरू होतो, आणि प्रवेशाची शेवटची तारीख कुठल्यातरी नाइट शिफ्टमध्ये निघून जाते. एका वर्षाची तीन होतात. ही पोरं कमावतात, घराला हात देतात, त्यांना नावं ठेवायचं काहीच कारण नाही. पण कॉलेजचं दार त्यांनी स्वतः लावलेलं नसतं. ते त्यांच्या पाठीमागे लागतं आणि लागलेलं कुणी सांगतही नाही.

तिसरा प्रवास कातकरी वाड्यांचा. दिवाळी सरली की वाडीवर टेम्पो लागतो. आधी घेतलेली उचल फेडायची असते. टेम्पोत आधी भांडी चढतात, मग गोधड्या, मग टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, त्यांना धरून म्हातारी, आणि उरलेल्या जागेत पोरं. कुठे जायचं हे वीटभट्टीचा मालक ठरवतो: भिवंडी, कल्याण, पनवेल, कधी त्याच्याही पुढे. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. त्या टेम्पोतल्या पोराची शाळा दरवर्षी अर्ध्यावर तुटते. एवढं होऊनही जे पोर बारावीपर्यंत पोचतं, त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घर सोडणं म्हणजे कर्ज फेडणं, एवढंच माहीत असतं. अशा घरातलं पहिलं माणूस कुणाची उचल न घेता, स्वतःच्या मर्जीने तिकीट काढतं, तेव्हा त्याला चैन म्हणणाऱ्यांनी एकदा दिवाळीनंतर त्या टेम्पोत डोकावून यावं.

परदेशात हे फिरण्याचं वर्ष बड्या घरच्या पोरांमुळे गाजलं. ब्रिटनचा राजपुत्र विल्यम 2000 साली शाळा संपवून चिलीला स्वयंसेवक म्हणून गेला आणि 2001 मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दाखल झाला. ओबामांची थोरली मुलगी मालिया 2016 साली शाळेतून बाहेर पडली आणि हार्वर्डला गेली 2017 मध्ये. त्यांचा पैसा बघून आपण मान फिरवतो आणि मुद्द्याची गोष्ट नजरेतून सुटते. मालियाची हार्वर्डमधली जागा आधी पक्की झाली होती, त्यानंतर तिने वर्ष घेतलं. निवड झालेल्या मुलांना हार्वर्ड स्वतःहून सांगतं की हवं तर एक वर्ष थांबून या, तुमची जागा तुमचीच. विमानाचे पैसे आपल्या पोरांकडे नसतील. पण जागा राखून ठेवायला विमान लागत नाही, प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये एक नोंद लागते. आपल्या पोरांना तेवढी नोंद मिळत नाही आणि सगळं तिथेच अडतं.

रिकाम्या खिशाने घराबाहेर पडलेली माणसं आपल्याकडेही झाली. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले ते घरावरचं कर्ज फेडायला. मथुरेला यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, हा हेतू. वाटेत बंडाने गाठलं आणि हा गरीब भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. कमाई बरीचशी लुटली गेली. जे डोळ्यांनी पाहिलं ते मात्र 1907 मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापून आलं आणि मराठीत कायमचं राहिलं. त्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा. 1916 च्या मार्चमध्ये ते बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले होते. सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीची वाट धरली. वय वीस. त्याआधी आपली प्रमाणपत्रं त्यांनी चुलीत घातली होती. विनोबांना ते पेललं. बाकीच्यांनी त्यांचं नाव सांगून परीक्षा बुडवू नये. मला या बाबतीत गोडसे भटजी जवळचे वाटतात. हेतू घरचा, खिसा रिकामा आणि परत घरी यायचं पक्कं.

आता बेताचं बोलू. बेत नसलेल्या वर्षाला माझा पाठिंबा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मुरबाड तालुक्यातल्या एका मुलीने मला तिची वही दाखवली. बारावीच्या अर्थशास्त्राची वही, शेवटचं पान. पट्टीने रकाने आखलेले. पहिल्या ओळीत 'आवणी' आणि तिच्यासमोर 'घरी'. खाली 'गणपती, घरी', 'कापणी-झोडणी, घरी', 'दिवाळी, मामाकडे'. जानेवारीपासून पुढे गावांची नावं आणि प्रत्येक गावासमोर तिथे ओळखीचं कोण आहे ते. पैशाच्या रकान्यात आवणीची आणि कापणीची मजुरी, त्यातून आईला द्यायचे ते वजा. सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: 'जून, फॉर्म भरायचा'. एप्रिल आणि मे कोरे होते. विचारलं तर म्हणाली, "काका, तेव्हा विहीर आटते. पाण्याला मीच असते."

त्या दोन कोऱ्या रकान्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आपल्या शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, शेजारी मुरबाडच्या वाड्यांवरही तेच. मुलीचं वर्ष पैशात अडतं, लोकांच्या बोलण्यात अडतं, असं आपण म्हणतो. इथे ते हंड्यात अडलं होतं. तिला दोन भाऊ आहेत, दोघेही धडधाकट. दोन महिने त्यांनी हंडा उचलावा. नळ येईल तेव्हा येईल, तोवर हा निर्णय घरातल्या घरात घेता येतो आणि त्याला कुठल्या सरकारचा जीआर लागत नाही.

बाकी तिचा बेत मला कुठल्याही ट्रॅव्हल कंपनीच्या पुस्तिकेपेक्षा शहाणा वाटला, कारण तो शेतावरून आखलेला आहे. निकाल मे महिन्यात लागतो. जूनमध्ये प्रवेशाची गडबड आणि राब भाजून तयार केलेल्या जमिनीत पेरणी. जुलैत आवणी. त्या वेळी घरातलं एक माणूस कमी झालं तर बाहेरून मजूर लावावा लागतो, तेव्हा कुणीही जाऊ नये. श्रावण, गणपती, मग कापणी, झोडणी. पौष महिना लागेपर्यंत हाताला काम आहे आणि घरालाही हात हवेत. पौष पौर्णिमेला म्हसा यात्रा. बैलबाजार बघा, थंडीसाठी चांगली घोंगडी घ्या आणि तिथूनच निघा. जून ते डिसेंबर घर, जानेवारी ते मे रस्ता. ज्या बापाला भातशेतीची काळजी आहे, त्याच्यासमोर हे वेळापत्रक ठेवा. निम्मं भांडण तिथेच मिटेल.

पैशाचं म्हणाल तर मुलींनी एसटीचा अर्थ नीट लावावा. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, राज्यात कुठेही जा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 च्या ऑगस्टपासून प्रवास मोफत आहे. "एकटी कशी जाशील?" या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आजीला घेऊन जा. नातीला अर्धं तिकीट, आजीला शून्य. आजी गुडघ्याची तक्रार सांगेल, पण पंढरपूर, तुळजापूर, नांदेड म्हटलं की तीच आधी पिशवी भरेल. नांदेडला गुरुद्वाऱ्यात मुक्कामाची सोय होते आणि लंगरमध्ये दोघींनाही पोटभर जेवण मिळतं. शिवाय एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही पासाची योजना 1988 पासून चालू आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास, मुदतीत हवं तितकं फिरा. निघण्याआधी आगारात जाऊन आजचा दर विचारा आणि सुट्ट्या तिकिटांशी ताडून पाहा. अर्ध्या तिकिटात फिरणाऱ्या मुलीला पास परवडेलच असं नाही.

आता जायचं कुठे. लांबचा नकाशा उघडण्याआधी उंबऱ्याजवळचं बघा. देहरीची पोरं दर शनिवारी रात्री बॅटऱ्या घेऊन मुंबईच्या मंडळींना गोरखगडावर चढवतात. वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढणाऱ्यांची पावसाळ्यात रांग असते. या पोरांनी दुसऱ्यांच्या सहली पार पाडल्या, दुसऱ्यांचे फोटो काढून दिले. स्वतःसाठी, सावकाश, वहीत लिहीत त्यांनी तो घाट एकदा चढावा. घाटमाथ्याच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. भिंतीला बोट न लावता जवळून बघा. यज्ञ किती, दान दिलेल्या गायी किती, नाणी किती, अशी यादी दगडात कोरलेली आहे. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकचिन्हांमध्ये या लेखातले आकडे धरतात. जगभरचे अभ्यासक ज्या आकड्यांसाठी इथे येतात, ते मुरबाड तालुक्याच्या डोक्यावर आहेत आणि आपल्या पोरांना वरती दाखवलं जातं ते भजीचं दुकान. बाजूला जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नर-पैठणकडे चढत होता. एवढं पाहून जुन्नरला उतरा. तिथून शिवनेरी अगदी जवळ आहे.

शहापूरच्या बाजूला असाल तर माहुली. 1636 साली शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची लढत या किल्ल्यावरून दिली. आसनगाव स्टेशनवरून रोज लोकल पकडणाऱ्या किती जणांनी तो चढलाय, हे प्रत्येकाने आपापल्या घरात विचारावं.

मग लांबचं. ठाकर, कातकरी, महादेव कोळी मुलांसाठी मी एक गाव आग्रहाने सांगतो: गडचिरोलीतलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून तिथली ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसतात. आपल्याकडे वनपट्ट्याचे दावे घेऊन म्हातारी माणसं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात. त्यांच्या नातवाने आठ दिवस त्या ग्रामसभेत मागे बसून नुसतं ऐकलं, तर तो वाडीवर परतताना जे घेऊन येईल ते पदवीच्या तीन वर्षांत कुठल्या पेपरात मिळणार नाही. कल्याणहून रेल्वेने नागपूर, पुढे एसटी. जाण्याआधी गावाला कळवा. कुणाच्या अंगणात न विचारता उभं राहू नये, हे आपल्या वाडीवर येणाऱ्यांनी पाळावं असं वाटतं ना, मग आपणही पाळायचं.

नागपूरचं नाव निघालं म्हणून समृद्धी महामार्गाबद्दल. 5 जून 2025 पासून नागपूर ते आमणे हा 701 किलोमीटरचा रस्ता सलग सुरू आहे आणि तो शहापूरच्या भातखाचरांतून गेलाय. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या, त्यांच्या पोरांनी त्या रस्त्याचं दुसरं टोक बघायला हवं. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. मोबदल्यातून घेतलेली बाइक घेऊन नागपूर गाठायचे बेत चालू असतील तर ते आजच सोडा. आईबापाला त्या रस्त्याने एकदा दुःख दिलंय, तेवढं पुरे.

मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथला बाबा आमटेंनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी भरते. शहरातली पोरं तिथे आयुष्यात पहिल्यांदा कुदळ धरतात. शहापूरच्या पोराला कुदळ नवी नाही, त्यामुळे तिथे तो शिकवणारा असेल. अठराव्या वर्षी आपल्याकडून कुणीतरी काही शिकतंय, हा अनुभव आमच्या मुलांना फार कमी वेळा मिळतो. एवढ्यासाठी जा. डहाणूच्या बाजूला गंजाड आहे, जिव्या सोमा म्हशे यांचं गाव. भिंतीवरची वारली चित्रकला त्यांनी कागदावर आणली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथेही जाता येईल. यादी आणखी लांबवत नाही, ज्याची त्याने करावी. अट एकच: प्रत्येक गावासमोर 'का' लिहिता आलं पाहिजे.

आता ज्यावर मला खरा जोर द्यायचाय ते. मुलीचं वर्ष मोकळं दिसलं की बघायला पाहुणे येतात. "शिकतेय का?" "नाही, यंदा घरीच आहे." एवढ्या दोन वाक्यांत किती मुलींची पदवी संपली, हे आपल्या गावागावातल्या मास्तरांना विचारा. मुलग्याच्या बाबतीत पाहुण्यांच्या जागी ठेकेदार येतो. म्हणून मुंबई-पुण्यातल्या सुखवस्तू घरातलं पोरगं ज्या बेफिकिरीने वर्ष घेतं, ती बेफिकिरी शहापूर-मुरबाडला परवडत नाही. इथे आधी कॉलेजात नाव, मग रस्ता. "शिकतेय, परत जायचंय," हे सांगायला हातात कागद हवा.

तो कागद कसा मिळवायचा? आपल्या दोन्ही तालुक्यांतली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात पदवीच्या पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायची सोय आहे. पहिल्या वर्षाची 40 क्रेडिट पूर्ण करायची, उन्हाळ्यात 4 क्रेडिटचा एक व्यवसाय अभ्यासक्रम करायचा, की प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची मुभा आहे. कमावलेली क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँकेत तुमच्या नावावर जमा राहतात. म्हणजे सगळ्यात सुरक्षित वाट अशी: बारावीनंतर लगेच प्रवेश, एफवाय नीट पास, मग वर्ष. बारावीनंतरच लगेच निघायला हवं असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या वर्षीही रस्ता तिथेच असतो आणि तोवर खात्यावर चाळीस क्रेडिट असतात.

ही सोय कॉलेजात शिरताना मुलांना कुणी समजावून सांगत नाही. खिडकीवरून फॉर्म मिळतो, फीची पावती मिळते, आणि वर्ष मध्ये गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र आणायला सांगतात. हे वर्ष कुठे होतास, असं गुन्हा केल्यासारखं विचारून पोराला स्टँप व्हेंडरकडे पाठवण्यापेक्षा, त्या वर्षात काय पाहिलंस हे विचारायला दोन मिनिटं जास्त लागतील. नव्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभाग यांना क्रेडिट ठेवलेली आहेत. मेंढा-लेख्याच्या ग्रामसभेत बसून लिहिलेली वही, नाणेघाटाच्या लेखावरची टिपणं, सोमनाथच्या छावणीतलं काम, हे तपासून त्यात धरायला काय हरकत आहे? प्राध्यापकांनी तोंडी घ्यावी. खोटं असेल तर पाच मिनिटांत कळेल.

जाण्याआधी सवलतींचा हिशेब मात्र करा. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलीला एसटीचा मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंत, आणि तोही घर ते शाळा. रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मोफत पास मुलग्यांना बारावीपर्यंत, मुलींना पदवीपर्यंत, पुन्हा घर ते कॉलेज. वसतिगृह, शिष्यवृत्ती, आदिवासी विद्यार्थ्यांची 'स्वयं' योजना, हे सगळं चालू प्रवेशाला बांधलेलं आहे. ज्यांचं शिक्षण यावर उभं आहे, त्यांनी निघण्याआधी शहापूरच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारावं: एक वर्ष मध्ये गेलं तर पुढच्या वर्षी हे परत सुरू होईल का? उत्तर लेखी मागावं. तोंडी उत्तरावर एसटीत बसू नका. वसतिगृहातली खाट जाणार असेल तर मी स्वतः सांगेन की थांबा, सुट्टीत जा, पदवी झाल्यावर जा. खाट गेलेली पोरगी परत घरी येते आणि घरी पाहुणे यायला लागतात.

म्हणून माझी मागणी विद्यापीठाकडे आणि आदिवासी विकास विभागाकडे आहे. ज्या मुलाने प्रवेश घेतला, पहिलं वर्ष पास केलं आणि लेखी बेत देऊन वर्ष मागितलं, त्याची जागा, वसतिगृहातली खाट आणि शिष्यवृत्ती एक वर्ष त्याच्या नावावर राहू द्या. एका वर्गात असे दोघं-तिघंही निघणार नाहीत. कुणाच्या तिजोरीला भोक पडणार नाही. हार्वर्ड ज्या गोष्टीचा आग्रह धरतं, ती शहापूरच्या कॉलेजात नियमात बसवता येत नाही असं मला कुणी सांगू नये.

नियम होईपर्यंत पोरांनी वाट बघत बसू नये. एफवायचा निकाल लागला की प्राचार्यांच्या नावाने अर्ज करा. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात. कोणत्या महिन्यात कुठे असेन आणि का, हे एका पानात. परत कोणत्या तारखेला वर्गात बसेन, हे एका ओळीत. खाली आईची किंवा वडिलांची सही, अंगठा असेल तर अंगठा. दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर तारखेसकट शिक्का मारून घ्या. कारकून म्हणेल, असा अर्ज आजवर कुणी दिलेला नाही. म्हणू द्या. शिक्का मिळेपर्यंत खिडकीवरून हलू नका.